मिलटरीचं पुस्तक

आमच्या घरातलं कुणीही कधी सैन्यात नव्हतं, तरी गावात आमच्या घराला मिलटरीवाल्यांचं घर म्हणायचे. त्याचं कारण आमच्या दारातला ट्रक. माझे वडील, म्हणजे आप्पा, मेंढरांमागं वाढलेले. सायकलसुद्धा त्यांना धड येत नव्हती. पण पुण्याकडं लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघतात असं त्यांनी दुधनीच्या बाजारात ऐकलं आणि तो किडा त्यांच्या डोक्यात शिरला. चार दिवस ते गायब होते. पाचव्या दिवशी दुपारी गावाबाहेरच्या रस्त्यावर धुळीचा लोट उठला, कुत्री भुंकत पळाली आणि आमच्या दारात हिरव्या रंगाचं ते धूड येऊन थांबलं. तीन धुरा, दहा चाकं, मागं ताडपत्रीचा सांगाडा, नाकासारखं पुढं आलेलं बॉनेट आणि बंपरवर तारेचा दोर गुंडाळलेलं लोखंडी रहाट. आय पिठाच्या हातानं बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून बघत राहिली आणि म्हणाली, "मी म्हटलं मेंढीची पालवं आणायला गेलाय. हत्ती घिऊन आलाय की तुमी."

आप्पा केबिनमधून उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. चालवत होता शिवाप्पा. तो शेजारच्या आळीतला, लष्करात ड्रायव्हर म्हणून पंधरा वर्षं काढून आलेला, घरी कानडी बोलणारा, उंच, कमी बोलणारा माणूस. मी त्याला शिवामामा म्हणायचे. आप्पांनी त्याला लिलावाला बरोबर नेलं होतं आणि तिथंच त्याला कामावर ठेवलं होतं. रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांत तो एकेकीच्या पोटाखाली शिरून बाहेर आला आणि हिच्याजवळ येऊन म्हणाला, "हिला घ्या. हिच्यावानीच एक मी डोंगरात चालवलीया." एवढ्यावर आप्पांनी ती घेतली.

आमचं गाव अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, बोरी नदीच्या काठावर. माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस पडला की ती अशी धरते की बैलाचा पाय निघत नाही. पावसाळ्यात गावात यायला-जायला दुसरं वाहन नसे. मिलटरी मात्र यायची. केबिनमध्ये एक छोटा दांडा होता. तो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागायची आणि मग साऱ्या चाकांनी माती कुरतडत ती चालायची, सावकाश, माणूस चालतो त्याहून हळू, पण थांबायची नाही. दुसऱ्याचा ट्रक रुतला तर शिवामामा पुढं जाऊन रहाटावरची तार सोडायचा, त्या ट्रकला अडकवायचा आणि इंजिनाच्या जोरावर त्याला उसासारखा उपटून काढायचा. मेंढरं बाजारात न्यायची, कडबा आणायचा, लग्नाचं वऱ्हाड न्यायचं, पाण्याची पिंपं आणायची, सगळं तीच करायची. पेट्रोल मात्र राक्षसासारखं प्यायची.

आमची सकाळ तिच्या आवाजानं व्हायची. आधी आयच्या भाकरीची थाप, मग मेंढरांचं बें बें, मग शिवामामानं हँडल फिरवल्यावर तिचा तो पहिला खोकला. चालू झाली की चुलीवरच्या तव्याला कापरं भरायचं. आय चिडायची, पण खोकला लांबला तर तीच दारात येऊन विचारायची, "काय झालं रं तिला आज?" शिवामामा ओट्यावर बसून न्याहारी करायचा. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि वाडगाभर आंबील. चटणीत तो तेल घालायचा नाही. हाताला दिवसभर तेलच असतं, म्हणायचा. आज सोलापुरात माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पाकिटातली शेंगाचटणी असते. ती बरी असते. पण तिच्या वासाबरोबर अजून पेट्रोलचा वास येतो आणि मी पाकीट बाजूला ठेवते. का ठेवते ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला बसले आहे. आजवर ते तीनदा अर्धवट सोडलं.

ड्रायव्हरच्या सीटखाली पत्र्याची पेटी होती. तिच्यात मेणकापडात गुंडाळलेलं एक पुस्तक निघालं. जाड, खाकी पुठ्ठ्याचं, सगळं इंग्रजीत. शिवामामाला इंग्रजी येत नव्हतं. तो जे शिकला ते लष्करात शिकवणाऱ्या उस्तादाच्या तोंडून, हिंदीत. आप्पांना तर कुठलीच अक्षरं येत नव्हती. मी तेव्हा अक्कलकोटच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होते. आमच्या घरात एवढं शिकलेली मीच पहिली, आणि मुलगी. भावकीत यावरून कुजबुज होती. ती आप्पांना कळत होती, म्हणूनच असेल, त्यांनी ते पुस्तक सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. "कमळ, वाच गं. बगू काय म्हनतंय सरकार."

मग तो रिवाजच पडला. दिवस कलला की ओट्यावर माणसं जमायची. मी पुस्तक मांडीवर घेऊन एकेक ओळ मोठ्यानं इंग्रजीत वाचायची आणि मग मराठीत सांगायची. पहिले काही दिवस मी खरंच कष्ट घेतले. शाळेतल्या बाईंकडून शब्दकोश मागून आणला. चाकात हवा किती, तेल कुठलं, सपाट रस्त्यावर माल किती आणि रानातून जाताना किती, हे मी नीट सांगितलं. पण पुस्तक शाळेच्या धड्यासारखं नव्हतं. वाक्यं आगगाडीएवढी लांब. एके दिवशी मी एका वाक्याशी अडले. माणसं वाट बघत होती. मी काहीतरी सांगून टाकलं, आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही. एका म्हाताऱ्यानं मान हलवत म्हटलं, "लई बारीक लिवलंय बगा." त्यानंतर ते सोपं झालं. अडलं की मी रचायची. चांगलंच रचायची. बापे माणसं, एरवी माझ्या आयशीकडं मान वर करून न बघणारी, माझ्या तोंडाकडं बघत गप्प बसायची. त्या शांततेची मला चटक लागली होती, हे आज या वयातही लिहिताना हात आखडतो.

फक्त शिवामामा मधे बोलायचा. एकदा मी पुढच्या धुरेच्या तेलाबद्दल काहीतरी ठोकून दिलं, तर तो हसला. "पोरी, तसं केलं तर गियर भाजून निघंल की." सगळे हसले. तो वाईट वाटावं म्हणून हसला नव्हता, पण मला ते झोंबलं. तेव्हापासून तो काही विचारू लागला की मी त्याच्याविरुद्ध जायची. एकदा त्यानं विचारलं, "पाण्यातनं गाडी घालायचं कुटं लिवलंय? आमचा उस्ताद सांगायचा, पाण्यात जायच्या आदी पंख्याचा पट्टा काडायचा." मी ते पान काढलं. पानावर खोलीचा एक आकडा होता, साडेतीन फुटांचा, आणि त्याखाली बारीक अक्षरातला परिच्छेद. त्यात पंखा आणि पट्टा हे दोन्ही शब्द मला दिसले. स्वच्छ दिसले. पण वाक्य उलगडेना, आणि त्याच्यासमोर शब्दकोश उघडायची माझी तयारी नव्हती. मी पान उलटलं आणि म्हणाले, "साडेतीन फुटापतोर चालती. पट्ट्याचं काय न्हाय."

शिवामामा म्हणाला, "मग दुसऱ्या पुस्तकात असंल." आणि उठून गेला.

त्या वर्षी पावसाळा जवळजवळ संपला होता. लोक काढणीच्या गडबडीत होते. एके दिवशी दुपारी ओरडा झाला की बोरी वाढली आणि गंगव्वा पलीकडं अडकली. गंगव्वा आमच्याच समाजातली, नवरा नसलेली, चाळीसएक मेंढरांवर जगणारी बाई. नदीच्या पलीकडच्या अंगाला एक उंचवटा होता. तिथं ती मेंढरं चारायला गेली होती. वर कुठंतरी पाऊस झाला होता आणि उंचवट्याच्या मागचा ओढाही भरल्यामुळं ती मेंढरांसकट मधे कोंडली गेली होती. आम्ही काठावर पोचलो तेव्हा ती दिसत होती, डोक्यावर घोंगडं घेतलेली, मेंढरांच्या मधोमध उभी.

आप्पा म्हणाले, "मिलटरी घालू या."

शिवामामा काठी घेऊन पाण्यात उतरला. मधल्या धारेत पाणी त्याच्या कमरेच्या खाली लागलं. तो परत आला, धोतर पिळलं आणि म्हणाला, "तीन फूट हाय. पर वड लई हाय आन् पानी चडतंय. अर्धा तास द्या आप्पा. पट्टा काडतो, इंजनातल्या ठिणगीच्या डबीला चरबी लावून फडकं बांदतो. न्हायतर पंखा सगळं पानी उडवून तिच्यावर मारंल आन् इंजन बसंल."

"अर्ध्या तासात पानी कुटं जाईल?"

"मग जाऊच नगा. ती उंचावर हाय. रातीपतोर उतरंल."

बाकीची माणसं लांब, काठाच्या कडेला गंगव्वाला हाका मारत होती. ट्रकजवळ आम्ही तिघंच होतो. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "कमळ, पुस्तकात पट्टा काडायचं हाय का?"

मला ते पान डोळ्यांपुढं दिसत होतं. दोन्ही शब्द दिसत होते. 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी शिवामामाकडं पाहिलं. तो पण माझ्याकडंच बघत होता, आणि मला वाटलं, तो हसेल.

"न्हाय आप्पा," मी म्हणाले. "साडेतीन फुटापतोर खुशाल जा म्हनतंय."

शिवामामानं किल्ली आप्पांच्या हातात ठेवली. "मी चालवनार न्हाय." एव्हाना आप्पा थोडंफार चालवायला शिकले होते. ते चढले, दांडा ओढला आणि गाडी पाण्यात घातली. आणि ती गेली. पाणी फोडत, डुलत, बिनधास्त पलीकडं गेली. काठावर माणसांनी टोप्या उडवल्या. मी शिवामामाकडं मान वळवून पाहिलं. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला आरशाशिवायही माहीत आहे.

मेंढरं चढवायला वेळ लागला. तेवढ्यात पाणी वीतभर वाढलं. परतताना गाडी जड होती आणि आप्पांनी घाईनं वेग वाढवला. बरोबर मधल्या धारेत इंजिनाला दोन-तीन उचक्या लागल्या आणि ते बंद पडलं. पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला. आप्पा केबिनमधला स्टार्टर पुन्हा पुन्हा दाबत होते आणि आतून नुसतं कण्हल्यासारखं काहीतरी येत होतं. शेळी-मेंढी भ्याली की एका अंगाला गर्दी करते. सगळी मेंढरं धारेच्या खालच्या अंगाला रेटली, गाडी त्या बाजूला कलली आणि बाजूची फळी तुटली. ती पाण्यात पडताना फार ओरडली नाहीत. गंगव्वाच ओरडत होती, एकेकीचं नाव घेऊन.

शिवामामानं कमरेला दोर बांधून उडी घेतली. दोराचं दुसरं टोक बाभळीला वेढून माणसांनी धरलं होतं. त्यानं आधी गंगव्वाला आणलं, मग आप्पांना. दुसऱ्या खेपेला तो आप्पांना घेऊन बाभळीशी काठावर चढत असतानाच दोर झाडावर घसरला आणि सावरायला गेलेल्या त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं दोर आणि खोड यांच्यात चिरडली. ती पुढं अक्कलकोटच्या दवाखान्यात काढावी लागली. मेंढरं सहा वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. गंगव्वा जमिनीवर बसली होती. हातात मेंढीच्या गळ्यातली एक घंटी होती. कुणीतरी विचारलं, असं झालंच कसं? आप्पा रात्रभर बसून होते. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. ते म्हणाले, "पान्यात जायच्या आदी पट्टा काडायचा आसतो. ते काम ड्रायवरचं. शिवाप्पानं काडला न्हाय. मला काय ठावं?" आणि मग थोडं थांबून, खाली बघत, "पुस्तकात लिवलंय तसं. व्हय की न्हाय गं कमळ?"

शिवामामा तिथंच उभा होता, हाताला पांढरं फडकं बांधून. मी काल एक बोलले होते. आज आप्पा दुसरं मागत होते. दोन्ही वेळा मी ते वाक्य वाचलेलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणाले. "लिवलंय."

गंगव्वानं मान वर केली आणि शिवामामाला जी शिवी दिली ती मी लिहीत नाही. तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता सांगेल. तो फक्त "बरं" म्हणाला आणि चालायला लागला. महिन्याभरात तो बायकोमुलांना घेऊन दुधनीला गेला. आप्पांनी आमच्या कळपातली दहा मेंढरं गंगव्वाच्या दारात नेऊन सोडली आणि लोक म्हणाले, आप्पा मोठ्या मनाचा माणूस. ट्रक नदीतून काढला, पण पुन्हा नीट चालला नाही. आप्पा आणि मी त्या दिवसाबद्दल एकमेकांशी कधीही बोललो नाही. घरात भाकरी होत होती, मी शिकत होते, आणि आम्ही दोघं एकमेकांची नजर चुकवायला शिकलो होतो.

पुढं मी सोलापुरात शिक्षिका झाले. विषय इंग्रजी. एका सुट्टीत घरी माळ्यावर ते पुस्तक सापडलं. उभ्याउभ्याच ते पान काढलं. आता त्या परिच्छेदात अवघड असं काहीच नव्हतं. पंख्याचा पट्टा काढावा. ठिणगीची डबी झाकावी. वाहत्या पाण्यात दिलेली खोली निम्मी धरावी. पाणी चढत असेल तर गाडी घालू नये. शिवामामा काठावर जे बोलला तेच, जवळजवळ त्याच क्रमानं.

मी दुधनीला गेले. तो बाजार समितीत पोत्यांची राखण करायचा. केस पांढरे झाले होते. मी सगळं सांगितलं. न वाचता नाही म्हणाले, आणि न वाचता हो म्हणाले, हेही सांगितलं. तो ऐकत होता. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे पुस्तकात हाय? निम्मी धरा म्हनून बी हाय?"

"आहे."

"उस्ताद खरंच बोलायचा म्हन की," तो म्हणाला, आणि खरोखर खूश झाला. त्यानं चहा मागवला. डाव्या हातानं बशी धरून तो प्यायला. मी म्हणाले, मामा, माफ करा. तो म्हणाला, "मला सांगून काय? मला ठावंच हाय की. गावात सांग."

"आप्पा आहेत अजून."

त्यानं बशी खाली ठेवली. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी घेऊन परत येता आलं असतं.

आप्पा त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्या काळात शिवामामा गेला. मला ते महिन्यानं कळलं. मी तेव्हाही गप्प राहिले. बापाची अब्रू राखते आहे असं मी स्वतःला सांगायची. त्या अब्रूच्या आडोशाला मी किती ऐसपैस बसले होते, ते त्यांच्या जाण्यानंतर उघड झालं. मग लपायला कुणी उरलं नाही. आप्पांच्या तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं मांडवात बसली होती. मी उभी राहिले आणि सांगितलं. मधे थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही, हे ठाऊक असल्यामुळं एका दमात सांगितलं. बरीच माणसं नवी होती. त्यांना कुठला ट्रक आणि कुठली मेंढरं, काही कळेना. एक-दोघं जुने खाली बघत बसले. माझा चुलतभाऊ पुटपुटला, "आज कशाला हे?"

गंगव्वा खांबाला टेकून बसली होती. थकली होती, पण कान शाबूत होते. ती म्हणाली, "हिकडं ये." मी तिच्यापुढं बसले. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्यानं मला पान्यातनं काडलं," ती म्हणाली. "केस धरून काडलं. तरी मी त्येला रोज शिव्या दिल्या. भाकरी थापताना, मेंढरं वळताना. त्यो मेला म्हनून सांगावा आला तवा मी काय म्हनले, ठावं हाय? मी म्हनले, बरं झालं."

तिनं बाजूची काठी जवळ ओढून घेतली.

"उद्या मला दुधनीला ने," ती म्हणाली. "तू बोलायचं. मी बसनार."

दुसऱ्या दिवशी मी तिला एस.टी.नं घेऊन गेले. दुधनीला उतरल्यावर तिनं माझा हात धरला नाही. उन्हातून काठी टेकत माझ्या मागून चालली. शिवामामाच्या बायकोनं दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं पुन्हा सांगितलं. ती बाई दाराच्या कडीला धरून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं कडी सोडली. मग बाजूला सरकून तिनं गंगव्वाला आत घेतलं, तिच्यासाठी सतरंजी टाकली, तांब्या आणला. भिंतीवर त्याचा फोटो होता, लष्कराच्या कपड्यातला, तरुणपणाचा. गंगव्वानं त्याच्याखाली जमिनीला डोकं टेकलं, ते लवकर उचललंच नाही.

मी दारातच उभी होते. आत ये, असं मला कुणी म्हणालं नाही.